गाठीच्या वर चार बोटं

१

छाटणीनंतर वेलीच्या कापांतून पाणी ठिबकायला लागलं की आमच्या मोंग्रेझ गावात म्हणतात, वेल रडतेय, म्हणजे हिवाळा सरला. दरवर्षीचं आहे ते, त्याचं कुणाला दुःख होत नाही. पण मार्चमधल्या त्या बुधवारी सकाळी जेरो वेसादच्या गोटमाळावर मी जे पाहिलं ते दरवर्षीचं नव्हतं. सगळ्यात वरच्या ओळीतल्या त्रेचाळीस म्हाताऱ्या वेली कुणीतरी बुंध्याशी करवतीने कापून आडव्या पाडल्या होत्या. जमिनीत उरलेले खुंट असे पाझरत होते की खालची लाल माती काळी पडली होती.

मी झेली मार्सनाक. पन्नास वर्षं लो नदीच्या काठाकाठाने लोकांच्या मळ्यात वेलींची कलमं बांधत हिंडले. माझ्या आधी माझी आई आमेली तेच करायची. आता पंच्याहत्तरीला टेकले, गुडघे माझ्या आधी बोलतात, तरी कुणाची वेल रुसली की बोलावणं मलाच येतं. पाववाल्याने दारात गाडी थांबवून बातमी दिली तेव्हा मी अंगावरचा एप्रन न सोडताच निघाले होते.

जेरो ओळीच्या टोकाला उभा होता, टोपी हातात घेऊन, मयताला उभे राहतात तसा. मला पाहून म्हणाला, "आलात, आमेलीकाकू?" मग डोळे चोळले. "झेली. तू आहेस होय."

माझी आई जाऊन वीस वर्षं झाली. पण मी ते मनावर घेतलं नाही. एवढा घाव बसल्यावर माणूस एखादं नाव चुकतोच.

त्या वेलींची गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. छप्पन्न सालच्या फेब्रुवारीत पडलेल्या थंडीने आमच्या खोऱ्यातले मळेच्या मळे मारले. गोटमाळाची ही एक ओळ तेवढी पुन्हा फुटली, आणि तिच्याच काड्या घेऊन माझ्या आईने अर्ध्या गावाची कलमं बांधली. आमची वाइन शाईसारखी काळी होते ती त्यांच्यामुळे. गोटमाळाची वाइन पहिल्या घोटाला तोंड आवळते, दुसऱ्याला लोखंडाची चव देते आणि तिसऱ्या घोटानंतर ज्याला ती कळली तो दुसरीकडची पीत नाही.

"कुणी केलं ते मला माहीत आहे," जेरो म्हणाला. "ब्लेझने. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय."

ब्लेझ त्याचा एकुलता एक मुलगा, पंचेचाळीस वर्षांचा. या वेली आता ओंजळभर द्राक्षं देतात, त्या काढून नव्या लावू, असं तो दोन वर्षं म्हणत होता हे खरं. जेरोने त्याला सकाळीच घराबाहेर काढलं होतं. शनिवारी दुपारी नोटरी येणार होता. सगळा गोटमाळ बाहेरच्या एका बाईंना विकायचा आणि मुलाला त्यातलं ढेकूळही द्यायचं नाही, असं जेरोने ठरवून टाकलं होतं.

"तुला खुंट वाचता येतात," तो मला म्हणाला. "शनिवारपर्यंत दुसरं नाव आणून दे, मी ऐकेन. नाही आणलंस तर तो माझा मुलगा नाही."

मी हो म्हणाले. नाही म्हणणं मला जमलं नसतं. विसाव्या वर्षापासून माझा या माणसावर जीव आहे. त्याने सोलांजशी लग्न केलं, त्या लग्नात मी पायाला फोड येईपर्यंत नाचले आणि पुढे त्यांचं पोर कडेवर घेऊन वाढवलं. सोलांज तीन वर्षांपूर्वी गेली. जेरो आणि ब्लेझ, ही दोन माणसं तुटली तर माझ्याकडेही मागे काही उरणार नव्हतं.

२

फौजदार येऊन गेला. उत्तरेकडचा कोवळा माणूस, बूट चिखलात भरतील म्हणून बांधावरूनच फोटो काढले आणि वहीत 'अज्ञात इसम' असं लिहून मोकळा झाला. मंगळवारी रात्री झालं असावं, असं तो म्हणाला आणि गावानेही तेच धरलं.

मी आधी कुदेर्ककडे गेले. ओनोरे कुदेर्क हा जेरोचा बांधाशेजारी आणि तीस वर्षांचा वैरी. मधली दगडी भिंत जेरोच्या बापाने हातभर आत सरकवली, हे तो भेटेल त्याला सांगतो. भिंतीअलीकडे गोटे आणि लोखंडी माती, पलीकडे मऊ भुसभुशीत रान. वेल एकच, पण कुदेर्कची वाइन म्हणजे गोड बोलणारा पाहुणा, गेल्यावर आठवत नाही. हे त्यालाही कळतं आणि तेच त्याचं खरं दुखणं आहे.

त्याने मला आत घेतलं, अक्रोडाची दारू दिली आणि गुडघ्याची पट्टी दाखवली.

"झेलीबाई, मी जेरोला शिव्या देईन, त्याच्या कोंबड्यांना देईन, त्याच्या बापाच्या कबरीवर जाऊनही देईन. पण त्या वेलींना हात लावणार नाही. त्या मेल्या तर मी जळू कुणावर?"

सोमवारी संध्याकाळी त्याला गुडघ्यासाठी काओरच्या इस्पितळात नेलं होतं आणि मंगळवारी रात्री नऊला गाडीने परत आणून पलंगावर टाकलं होतं. त्या गुडघ्याने तो संडासापर्यंत जेमतेम जात होता.

मग खानावळीत उतरलेल्या मादाम कास्तँ. माळ विकत घेणाऱ्या बाई त्याच. बोलायला सरळ निघाल्या. कापलेल्या वेलींचा आपल्याला फायदाच आहे, भाव उतरेल, असं त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण या बाईच्या मनात नुसता हिशोब होता. खानावळवालीने सांगितलं की सोमवारपासून थंडीने बाईंनी खोली सोडलेली नाही, जेवणही वरच मागवलं आणि गरम पाण्याच्या पिशव्या मागून मागून तिला वैताग आणला.

दोन्ही दारं बंद झाली. राहिला ब्लेझ.

तो वाइनच्या सहकारी संस्थेत, तळघरावरच्या माळ्यावर झोपत होता, रिकाम्या खोक्यांमध्ये. मला पाहून त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "मावशी, बाबा जेवले का?"

मी म्हटलं, जेवणाचं राहू दे, तू केलंस का ते सांग. त्याने एक खोकं सरकवून मला बसायला दिलं. मी केलं नाही, एवढे तीन शब्द माझ्यासमोर म्हण, मी गावाशी भांडते, असं मी त्याला तीनदा सांगितलं.

"नाही म्हणणार," ब्लेझ म्हणाला. "बाबांना मीच केलं असं वाटतंय ना? वाटू दे."

३

गुरुवारी दुपारी मी जेरोकडे गेले. तो एकटा घरात काय खातो ही काळजी होतीच. त्याने कोबी-बटाट्याचं सूप तापवलं होतं. मला कपाटाजवळ बसवलं, स्वतः खिडकीशी बसला आणि टेबलाच्या वरच्या टोकाला, जिथे कुणीच बसलं नव्हतं, तिथे एक तिसरा वाडगा मांडला. त्यात सूप वाढलं.

सोलांजसाठी असेल, मला वाटलं. मी माझ्या वाडग्यात पाव मोडला.

सूप तळाशी आलं तेव्हा जेरोने आमच्याकडच्या जुन्या माणसांसारखं उरलेल्या सुपात गोटमाळाची वाइन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. याला आम्ही शाब्रो म्हणतो. मग त्याने त्या तिसऱ्या वाडग्यातही वाइन ओतली.

"थंडी फार आहे," तो म्हणाला. "अंगात ऊब पाहिजे."

बाहेर चांगलं ऊन होतं. मंगळवारी सकाळी तेवढी थंडी पडली होती, दव गोठून सगळा माळ पांढराफेक झाला होता. दुपारी पावसाची सर आली आणि सगळं वितळून गेलं. मी त्याला तसं म्हटलंही. त्याने मान हलवली आणि पुन्हा ब्लेझवर आला. बापाची वेल कापणाऱ्याला कुठल्या मातीत पुरतात, असं मला विचारत राहिला. त्याचा आवाज फुटत होता. मी भांडी धुतली आणि निघाले.

वाटेत मी थांबले. मंगळवारी दुपारी पाऊस पडला होता. पाऊस पडल्यावर गोटमाळाची माती अशी चिकटते की बूट पायातून निघून येतो. मंगळवारी रात्री कुणी त्या ओळीतून फिरलं असतं, तर त्रेचाळीस वेलींच्या भोवती पावलांचा चिखल झाला असता. बुधवारी मी पाहिलं तेव्हा फक्त टोकाला जेरोचे आणि ब्लेझचे ठसे होते. मधली जमीन कोरी होती.

म्हणजे वेली कापल्या तेव्हा जमीन दगडासारखी गोठलेली होती. मंगळवारी सकाळी, पावसाच्या आधी.

आणि मंगळवारी पहाटे पाचपासून दिवस मावळेपर्यंत ब्लेझ सहकारी संस्थेत अकरा माणसांबरोबर बाटल्या भरत होता. ती कोरी जमीन पहिल्यांदा त्यानेच पाहिली असणार. एका वाक्यात तो सुटला असता. मग ते वाक्य त्याने तोंडात का धरून ठेवलं?

४

शुक्रवारी सकाळी मी माळावर गेले आणि जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. गुडघ्यांवर बसून एकेक खुंट पाहिला.

ज्याला वेल मारायची असते तो कलमाच्या गाठीखाली कापतो. वर आपली वेल, खाली परक्या जातीचं मूळ, मधे ती गाठ. गाठीखाली कापलं की आपली वेल संपली, खालून फुटेल ते रानटी. हे आमच्या गावात दुधपित्या पोरालाही शिकवावं लागत नाही. आणि इथे एकूण एक काप गाठीच्या वर होता. मी हात आडवा लावून पाहिला. चार बोटं. दुसऱ्या खुंटाला लावला, चार बोटं. त्रेचाळीस वेली, आणि एकही काप चुकलेला नव्हता.

ब्लेझ बॅटरीची करवत वापरतो, तिचा काप खरबरीत येतो. हे काप हातकरवतीचे होते, एका बाजूला उतार दिलेले, पाणी साचू नये म्हणून. आणि प्रत्येक कापावर माती थापलेली होती. फौजदाराला ती चिखलाचे शिंतोडे वाटली असणार. रडणाऱ्या वेलीने आणि पावसाने ती बरीचशी धुऊन नेली होती, पण कडेला राहिली होती. मी चिमूट घेऊन जिभेवर ठेवली. गोटमाळाची माती लाल, खरखरीत, लोखंडाच्या चवीची. ही निळसर होती आणि लोण्यासारखी मऊ.

अशी माती या भागात एकाच जागी आहे. जेरोच्या कबुतरखान्यामागचा खड्डा, पन्नास वर्षं काटेरी झुडपांत बुजलेला. मी तिथे गेले. झुडपं ताजी तोडलेली होती आणि खड्ड्याच्या कडेला ओल्या मातीची बादली होती.

मी त्या कडेवर बसले. हा खड्डा मला कसा ठाऊक होता ते आठवलं. सहा वर्षांची असताना मी इथे बसून माती मळली होती. आईने आणलं होतं. जेरो नऊ वर्षांचा होता, बादल्या वाहत होता. त्याचा बाप, म्हातारा एली वेसाद, गोठलेल्या माळावर करवत घेऊन वाकला होता. वरचं सगळं मेलं असलं तरी खाली जीव असेल, असं तो म्हणायचा. गाठीच्या वर चार बोटं कापायचं आणि जखमेवर माती लावायची. त्या वर्षी त्रेचाळीस वेली फुटल्या त्या अशाने.

माळावर नऊशे वेली आहेत. कापल्या गेल्या त्या फक्त याच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस मी वैरी शोधत हिंडले आणि ज्याने मला आमेलीकाकू म्हटलं त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. तो तिसरा वाडगा सोलांजचा नव्हता. सोलांज चुलीशी बसून जेवायची आणि तिला शाब्रोची किळस यायची. टेबलाच्या वरच्या टोकाची खुर्ची म्हाताऱ्या एलीची होती.

५

ब्लेझ माळ्यावरून खाली आला आणि माझ्या नखांतली माती पाहून समजला. आम्ही रिकाम्या पिंपांमध्ये उभे राहिलो.

मी त्याला सगळं ओळीने सांगितलं, थंडीची सकाळ, कोरी जमीन, चार बोटं, निळी माती. मंगळवारी तो बाटल्या भरायला गेल्यावर जेरो उठला, खिडकीतून पांढरा माळ पाहिला, आणि त्याच्या डोक्यातलं वर्ष बदललं. बापाने शिकवलेलं काम त्याने उत्तम केलं. बुधवारी उठला तेव्हा ते वर्षही नव्हतं आणि ते कामही आठवत नव्हतं. उरल्या होत्या कापलेल्या वेली.

"वर्ष झालं, मावशी," ब्लेझ म्हणाला. "आधी चाव्या विसरायचे. मग आई गेलेली विसरायचे. रोज सकाळी तिला हाक मारायचे आणि मी रोज त्यांना पुन्हा सांगायचो. नंतर मी सांगायचं सोडून दिलं."

बुधवारी करवत भिंतीवर मातीने माखलेली दिसली तेव्हाच त्याला कळलं होतं. त्याने ती पुसून जागेवर ठेवली. मी म्हटलं, अरे, तुझी जमीन जातेय, घर जातंय, बाप तुला मुलगा म्हणत नाही.

"माझ्यावर रागावलेत तोवर ते जेवतात, बोलतात, उभे राहतात," तो म्हणाला. "हे स्वतः केलं असं कळलं तर? त्यांच्याकडे ती ओळ सोडून काय आहे? तू सांगू नकोस. तुला आईची शपथ आहे."

मी त्याला वचन दिलं नाही. घरी येऊन रडले, भरपूर रडले. बापासाठी पोर मुकाट बुडत होतं आणि बाप त्याला मुलगा म्हणायला तयार नव्हता. मी बोलले तर एक जाणार होता, गप्प राहिले तर दुसरा.

६

शनिवारी दुपारी जेरोच्या स्वयंपाकघरात टेबलाला नोटरी होता, मादाम कास्तँ होत्या, आणि साक्षीदार म्हणून लंगडत आलेला कुदेर्क. वैऱ्याने सही करावी हा जेरोचाच हट्ट. सूप चुलीवर होतं. वरच्या टोकाला तो तिसरा वाडगा भरलेला होता. ब्लेझला मी हाताला धरून आणलं होतं, तो दारातच उभा राहिला.

"आणलंस नाव?" जेरोने मला विचारलं. "कोण?"

मी रात्रभर जी वाक्यं जुळवली होती ती सगळी विसरले.

"थंडी," मी म्हणाले.

नोटरीने चष्मा काढला. जेरोने खिडकीकडे बघितलं. "छप्पन्नची?"

"हो."

"मग बाबांनी बुंध्याशी कापल्या असतील," तो समजावून सांगायच्या सुरात म्हणाला. "मारायला नाही कापत. गाठीच्या वर..." आणि दाखवायला म्हणून त्याने टेबलावर हात आडवा ठेवला.

हात तसाच राहिला. चारही बोटांच्या नखांत निळी माती होती. जेरोने दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ती कोरली, टेबलावर तिचा एवढासा तुकडा पडला, आणि तो त्या तुकड्याकडे बघत बसला. त्याच्या चेहऱ्यावर मी त्याला आमच्या वर्षात परत येताना पाहिलं, सत्तर वर्षं चालून यावं तसा, आणि त्याने यायला नको होतं असं मला वाटलं.

तो दाराकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"सूप गार होतंय, बाबा," ब्लेझ म्हणाला.

जेरो उठला. वरच्या टोकाचा वाडगा उचलला, त्यात वाइन ओतली. थोडी टेबलावर सांडली. ती खुर्ची त्याने मागे ओढली, ज्या खुर्चीवर तो स्वतःही कधी बसला नव्हता, आणि मुलाला म्हणाला, "बस इथे. पी."

ब्लेझ बसला. दोन्ही हातांनी वाडगा धरून एका दमात प्यायला आणि तोंड पुसायचं निमित्त करून बाहीने डोळे पुसले.

"विकायचं नाही," जेरो नोटरीला म्हणाला. "सगळं याच्या नावावर करा. आत्ता, या बसल्या बैठकीला करा. उद्याचं मी सांगू शकत नाही."

मादाम कास्तँनी आपलं पेन त्याच्यापुढे सरकवलं. त्याने सही केली, सावकाश, एकेक अक्षर तपासून.

मे महिन्यात एकोणचाळीस खुंट फुटले, गाठीच्या वरून, गुलाबी लव असलेले कोंब. चार गेले. जेरो ते बघायला रोज येतो, ब्लेझ त्याला हाताला धरून आणतो. त्या शनिवारनंतर तो पुरता आमच्या वर्षात पुन्हा आला नाही. ब्लेझला तो बाबा म्हणतो आणि बादली कुठे ठेवू म्हणून विचारतो. ब्लेझ जागा दाखवतो.

काल मी न फुटलेल्या चार खुंटांशी बसले होते. जेरो माझ्याजवळ येऊन टोपी काढून उभा राहिला, लहान मुलं मोठ्यांपुढे राहतात तसा.

"आमेलीकाकू, तुमची झेली हल्ली येत नाही. तिला आणा ना. ती माती छान मळते."

"उद्या आणते," मी म्हणाले, आणि बादलीतली माती मळायला घेतली.